नॉटिंगहॅम फॉरेस्ट: क्लफ आणि टेलरनी संघ नेमका कसा जुळवला?

तिरपी_किक

इथे लिव्हरपूल, युनायटेड, आर्सेनल यांच्या इतिहासावर धागे भरपूर आहेत. नॉटिंगहॅमच्या फॉरेस्टचं नाव निघालं की मात्र दोन वाक्यांत विषय आटपतो: ‘दोनदा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला’ आणि ‘त्यांचा व्यवस्थापक ब्रायन क्लफ काय बोलायचा!’ क्लफच्या बोलण्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते संघाच्या जुळणीबद्दल. कुठला खेळाडू कुठून आणला, आधी तो कुठे खेळायचा, इथे आल्यावर कुठे उभा राहिला. ते बघितलं की ‘चमत्कार’ हा शब्द फार आळशी वाटायला लागतो.

आधी तारखा. क्लफ ६ जानेवारी १९७५ ला सिटी ग्राउंडवर, म्हणजे फॉरेस्टच्या मैदानावर आला. लीड्समध्ये ४४ दिवस टिकून तो बाहेर पडलेला होता आणि फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १३व्या क्रमांकावर होतं. तो मोसम १६व्या स्थानावर संपला, पुढचा ८व्या. म्हणजे पहिल्या दीड वर्षात जादू वगैरे काही झाली नाही. जुलै १९७६ मध्ये क्लफचा जुना सहायक पीटर टेलर आला आणि पुढच्या मोसमात संघ तिसरा येऊन पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला. तेही जेमतेम: फॉरेस्ट ५२ गुण, चौथं बोल्टन ५१. त्या एका गुणावर पुढचं सगळं उभं आहे.

१९७७-७८ ला पहिल्या डिव्हिजनमध्ये आल्या आल्या विजेतेपद. ४२ सामने, २५ विजय, १४ बरोबरी, ३ पराभव, ६४ गुण. लिव्हरपूल ७ गुणांनी मागे. (तेव्हा विजयाला २ गुण असायचे, ३ गुण १९८१ पासून आले. त्यामुळे ७ गुणांचं अंतर आजच्या हिशेबात आणखी मोठं धरा.) चार सामने बाकी असताना २२ एप्रिलला कॉव्हेंट्रीत ०-० करून विजेतेपद पक्कं केलं.

आता माणसं.

केनी बर्न्स: बर्मिंगहॅमकडे सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळत होता, तापट म्हणून प्रसिद्ध. दीड लाख पौंडांत आणला आणि थेट सेंटर बॅकला उभा केला. पहिल्याच मोसमात फुटबॉल पत्रकारांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू.

लॅरी लॉइड: लिव्हरपूलने सोडलेला, कॉव्हेंट्रीत मागे पडलेला. ६० हजार पौंड.

फ्रँक क्लार्क: न्यूकॅसलने तिशी उलटल्यावर मोकळा केला. किंमत शून्य. चार वर्षांनी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात लेफ्ट बॅक.

जॉन मॅकगव्हर्न: हार्टलपूल, डर्बी, लीड्स, फॉरेस्ट, चारही ठिकाणी क्लफच्या हाताखाली. कर्णधार. पळण्याची ढब बेंगरूळ, वेग नाही, पण चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात आपल्या माणसाकडे. जुने सामने बघताना पाच मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवा. चेंडू गमावताना तो जवळजवळ दिसतच नाही.

गॅरी बर्टल्स: लाँग ईटन युनायटेड या स्थानिक हौशी क्लबातून २ हजार पौंडांत. त्याआधी घरोघरी गालिचे बसवायचं काम करायचा.

पीटर शिल्टन: हा एकच खरा महागडा. सप्टेंबर १९७७ मध्ये स्टोककडून अडीच लाख पौंडांच्या वर मोजून घेतला. दुसऱ्या डिव्हिजनमधून नुकत्याच वर आलेल्या क्लबाने गोलीवर एवढा पैसा ओतणं तेव्हा लोकांना पटलं नव्हतं. त्या मोसमात लीगमध्ये फॉरेस्टवर फक्त २४ गोल झाले.

आणि जॉन रॉबर्टसन. त्याच्यावर वेगळं लिहितो, दोन ओळींत तो मावणार नाही.

---

नोंदवही

उत्तम सुरुवात. एक भर: डिसेंबर १९७६ चा अँग्लो-स्कॉटिश कप. ओरिएंटला हरवून फॉरेस्टने तो जिंकला. स्पर्धा किरकोळ, बड्या क्लबांनी दुर्लक्षच केलेली. पण त्या ड्रेसिंग रूममधल्या बहुतेकांनी त्याआधी काहीच जिंकलं नव्हतं. क्लफ या कपाला शेवटपर्यंत मान द्यायचा. ट्रॉफ्यांच्या याद्यांमधून लोक तो सर्रास गाळतात, गाळू नये.

---

शेवंता_बाग

४२ सामने न हरण्याचा विक्रम याच मोसमातला ना? एका मोसमात ४२ सामने आणि त्यात ३ पराभव, मग हिशेब कसा बसतो?

---

नोंदवही

> एका मोसमात ४२ सामने आणि त्यात ३ पराभव, मग हिशेब कसा बसतो?

ही गल्लत जवळपास प्रत्येक लेखात असते. ४२ हा आकडा दोनदा येतो म्हणून घोटाळा होतो. मोसमात ४२ सामने असायचे कारण डिव्हिजनमध्ये २२ संघ. विक्रमाचे ४२ वेगळे आणि ते दोन मोसमांत विभागलेले.

१९ नोव्हेंबर १९७७ ला फॉरेस्ट लीड्सकडून ०-१ हरलं. तो मोसमातला १६वा सामना. उरलेले २६ सामने हरले नाहीत. पुढच्या मोसमातले पहिले १६ हरले नाहीत. २६ + १६ = ४२. ९ डिसेंबर १९७८ ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने २-० ने साखळी तोडली. त्या ४२ मध्ये २१ विजय आणि २१ बरोबरी. हा विक्रम २००४ मध्ये आर्सेनलने मोडेपर्यंत टिकला.

हे फक्त लीगचे सामने, कप धरायचे नाहीत.

---

तिरपी_किक

आता रॉबर्टसन.

१९७० पासून क्लबात होता. मिडफिल्डमध्ये खेळायचा, संघात आत-बाहेर, आणि क्लफ आला तेव्हा विक्रीच्या यादीवर. वजन वाढलेलं, सिगारेट सुटत नव्हती, वेग बेताचा. अशा माणसाला लेफ्ट विंगवर टाकायचं हे कागदावर चूकच दिसतं, कारण विंगर म्हटला की पळणारा हवा. पण या संघाला विंगवर पळणारा नको होता. खेळ चालवणारा हवा होता, आणि त्याला मधल्या गर्दीतून काढून कडेला मोकळी जागा दिली.

रचना नीट बघा. नाव ४-४-२, पण तिचं वजन डावीकडे. शिल्टन किंवा बर्न्सकडून चेंडू मॅकगव्हर्न अथवा मिडफिल्डमधल्या आर्ची जेमिलकडे, तिथून विनाविलंब रॉबर्टसनकडे. तो टचलाइनला चिकटून उभा असतो, बऱ्याचदा चक्क थांबलेला. समोरचा राइट बॅक जवळ आला की तो चेंडू अर्धा यार्ड बाजूला सारतो. बस, तेवढंच. त्या अर्ध्या यार्डात क्रॉस निघतो. उजव्या पायाचा माणूस, पण डाव्यानेही तितकाच नेमका. त्यामुळे बचावपटूला आत ढकलावं की बाहेर, हे ठरवताच येत नाही. क्रॉस जवळजवळ नेहमी लांबच्या खांबाकडे, गोली बाहेर यावा की नाही अशा द्विधेत सापडेल इतक्या अंतरावर. दुसऱ्या बाजूने मार्टिन ओनील किंवा पुढचा एक जण आत येतो.

विरोधी संघ काय चूक करायचे? एक माणूस कमी पडतोय म्हटल्यावर दुसरा पाठवायचे. दोघे रॉबर्टसनवर गेले की मधे मॅकगव्हर्नसमोर मैदान मोकळं. म्हणजे त्याला थांबवायला गेलं तरी तोटा, सोडला तरी तोटा. शिवाय पेनल्टी त्याच्याकडेच.

डिसेंबर १९७६ ते डिसेंबर १९८० सलग २४३ सामने खेळला. विक्रीच्या यादीवरचा, ‘तंदुरुस्त नाही’ म्हणून हिणवलेला खेळाडू चार वर्षं एकही सामना चुकवत नाही. त्याला त्या जागेवर बसवणं, हा माझ्या मते त्या संपूर्ण काळातला सगळ्यात मोठा निर्णय. दहा लाखांची खरेदीसुद्धा त्याच्या नंतर येते.

---

मैदानाबाहेरचा

ते दहा लाखांचं नीट सांगा कुणीतरी. ट्रेव्हर फ्रान्सिस.

---

अनवट

फेब्रुवारी १९७९, बर्मिंगहॅमकडून. इंग्लंडमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू. कर आणि लीगची आकारणी धरल्यावर रक्कम दहा लाखांच्या वर जाते, म्हणून वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळे आकडे दिसतात. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कोण कशात काय मोजतो एवढाच फरक.

महत्त्वाची गोष्ट वेगळी. युरोपियन कपसाठी नोंदणीची मुदत उलटून गेली होती, म्हणून त्याला उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत खेळता आलं नाही. अंतिम सामना हा त्याचा पहिला युरोपियन सामना. म्हणजे ‘दहा लाखांच्या माणसाने कप जिंकून दिला’ असं म्हणताना आधीचे आठ सामने त्याच्याशिवाय खेळले गेले, हेही सांगायला हवं.

ते आठ सामने असे:

पहिली फेरी लिव्हरपूल. तेव्हा देशनिहाय बंधन नव्हतं, मानांकन नव्हतं. लिव्हरपूल गतविजेते म्हणून, फॉरेस्ट इंग्लंडचे विजेते म्हणून, आणि चिठ्ठीत समोरासमोर. १३ सप्टेंबर १९७८, सिटी ग्राउंड: २-०. बर्टल्स आणि शेवटी कॉलिन बॅरेट. अ‍ॅनफिल्डवर ०-०.

मग एईके अथेन्स (प्रशिक्षक खुद्द फेरेन्क पुश्काश): बाहेर २-१, घरी ५-१. ग्रासहॉपर्स: ४-१ आणि १-१.

उपांत्य फेरी कोलोन. पहिला सामना घरी, चिखलाने भरलेल्या मैदानावर. वीस मिनिटांत ०-२. मग बर्टल्स, बोयर, आणि रॉबर्टसनचा हेडर (हो, हेडर), ३-२. शेवटी जपानचा यासुहिको ओकुदेरा बदली म्हणून आला आणि ३-३. घरच्या मैदानावर तीन गोल खाल्ले की तेव्हाच्या अवे गोलच्या नियमाने (एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) प्रकरण अवघड व्हायचं: परतीच्या सामन्यात ०-० किंवा १-१ झालं तरी तुम्ही बाहेर. कोलोनमध्ये तिकिटं आणि अंतिम सामन्याचे बेत तयार होते म्हणतात. २५ एप्रिलला तिथे जाऊन फॉरेस्टने १-० केलं. कॉर्नर, बर्टल्सचा जवळच्या खांबावर हलका स्पर्श, इयान बोयरचा हेडर.

नऊ सामने (अंतिम धरून), सहा विजय, तीन बरोबरी, पराभव शून्य. गोल १९, खाल्लेले ७.

---

शेवंता_बाग

बॅरेटचं पुढे काय झालं? नाव फारसं ऐकू येत नाही.

---

अनवट

लिव्हरपूलविरुद्धच्या त्या गोलानंतर थोड्याच दिवसांत गुडघा गेला. पुढे थोडं खेळला, पण पूर्वीसारखा उभा राहू शकला नाही. गतविजेत्यांना बाहेर काढणारा दुसरा गोल त्याचा आहे आणि अंतिम सामन्याच्या छायाचित्रांत तो नाही. अशा नावांसाठीच हे धागे हवेत.

---

मांडवीकाठ

म्युनिकच्या अंतिम सामन्याचा (१९७९, फॉरेस्ट विरुद्ध स्वीडनचं माल्मो) आपल्याशी एक खराखुरा धागा आहे, तो इथे कुणाच्या लक्षात आला नाही असं दिसतं.

माल्मोचा प्रशिक्षक कोण? बॉब हॉटन. तोच बॉब हॉटन, जो २००६ ते २०११ भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. २००७ आणि २००९ चा नेहरू कप, २००८ चा एएफसी चॅलेंज कप, आणि त्या जोरावर १९८४ नंतर प्रथमच एशियन कपला पात्रता. आपले गोव्याचे महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स त्याच्या हाताखाली खेळले.

१९७९ ला हॉटन ३१ वर्षांचा होता. स्वीडनमध्ये तेव्हा माणसाला माणूस लावून, मागे एक स्वीपर (कुणालाही न लावलेला मोकळा बचावपटू) ठेवून खेळायची पद्धत होती. हॉटनने माल्मोत आणि रॉय हॉजसनने हाल्मस्टाडमध्ये जागा सांभाळणारी सपाट चौघांची बचावफळी आणली. ओळ उंच, ऑफसाइडचा सापळा, दोन फळ्यांमधलं अंतर कमी. भारताला तो हीच शिस्त शिकवत होता, २००७-०९ चे सामने आठवून बघा: चार-चारच्या दोन ओळी, मधे फट नाही.

म्हणून ‘माल्मो दुबळे होते, फॉरेस्टला अंतिम सामना फुकट मिळाला’ हे पटत नाही. त्यांचे बो लार्सन, रॉय अँडरसन जायबंदी होते, कर्णधार स्टाफान टापर लवकर बाहेर गेला, हे खरं. पण तो सापळा फोडणं सोपं नव्हतं, आणि सामना रटाळ झाला त्याचं कारणही तोच सापळा.

---

तिरपी_किक

मांडवीकाठ, दंडवत. हा धागा माझ्याकडून सुटलाच होता.

सापळ्याबद्दल एक नियम लक्षात ठेवा, म्हणजे जुने सामने बघताना चिडचिड होत नाही. १९९० पर्यंत आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समांतर असला तरी ऑफसाइड. आज जे गोल सहज धरले जातील ते तेव्हा झेंड्यावर जायचे. मग उंच ओळ फोडायची कशी? मागे चेंडू टाकून नाही, तर कडेने शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन. तिथून मागे किंवा समोर दिलेल्या चेंडूला सापळा लागूच होत नाही, कारण ओळच चेंडूमागे राहते.

आता ३० मे १९७९ चा तो गोल ४४व्या मिनिटापासून लावा. रॉबर्टसनला डावीकडे चेंडू मिळतो. दोन जण अंगावर. तो दोघांच्या बाहेरून, रेषेच्या दिशेने, डाव्या पायाने उंच क्रॉस टाकतो. गोली यान म्योलरच्या डोक्यावरून चेंडू लांबच्या खांबाकडे उतरतो. फ्रान्सिस त्या दिवशी उजव्या विंगला होता, तिथून तो धावत आत आलाय. वाकून, जवळजवळ पडत पडत हेडर, चेंडू जाळ्याच्या छताला, आणि तो स्वतः मैदानाबाहेर गोळाफेकीच्या वर्तुळापाशी जाऊन आपटतो. ऑलिम्पिक स्टेडियम असल्यामुळे ते वर्तुळ तिथे होतं.

त्या दिवशीचा संघ: शिल्टन, अँडरसन, लॉइड, बर्न्स, क्लार्क, फ्रान्सिस, मॅकगव्हर्न, बोयर, रॉबर्टसन, वुडकॉक, बर्टल्स.

या यादीत कोण नाही ते वाचा: जेमिल आणि ओनील. दोघे दुखापतीतून उठलेले, दोघांनी तंदुरुस्त असल्याचं सांगितलं. क्लफने दोघांनाही बाकावर बसवलं. अर्धवट बरा झालेला माणूस घ्यायचा नाही, कारण बदली फक्त दोन, आणि त्यातला एक दुखापतीवर वाया गेला तर हातात काही उरत नाही. जेमिल त्यानंतर फॉरेस्टकडून खेळला नाही, त्याला बर्मिंगहॅमला विकलं.

---

मैदानाबाहेरचा

१९८० माद्रिदबद्दल मी लिहितो, कारण तो बचावाचा धडा आहे.

२८ मे १९८०, बर्नाबेऊ, समोर हॅम्बुर्ग. त्यांच्याकडे केव्हिन कीगन, फेलिक्स मागाट, आणि पुढे चढणारा राइट बॅक मानफ्रेड काल्ट्झ. फॉरेस्टचा फ्रान्सिस टाच दुखावल्याने बाहेर. स्टॅन बोल्स संघ सोडून गेलेला, त्यामुळे बाकावर पाचाऐवजी चारच जण. शिल्टनचा खांदा दुखरा, आणि सरावाची जागा इतकी खडबडीत की त्याने रस्त्याच्या चौकातल्या गोल हिरवळीवर उड्या मारून सराव केला.

उपाय काय केला: पुढे एकटा बर्टल्स. मधे पाच जण, त्यात १८ वर्षांचा गॅरी मिल्स. उद्देश एवढाच, की कीगनला मागे येऊन चेंडू घ्यायला भाग पाडायचं. कीगन गोलपासून जितका दूर, तितका लॉइड आणि बर्न्सना त्रास कमी.

विसाव्या मिनिटाच्या आसपास रॉबर्टसन डावीकडून आत आला, बर्टल्सबरोबर देवाणघेवाण केली (बर्टल्सने पडल्या पडल्या चेंडू परत दिला) आणि उजव्या पायाने खालून, खांबाला लागून आत. काल्ट्झ पुढे चढायचा, त्यामुळे ती बाजू मोकळी सापडणार हे दिसत होतं.

उरलेली सत्तर मिनिटं बर्टल्स एकटा धावला. शेवटी त्याच्यात उभं राहायचं त्राण नव्हतं. आज बघताना लक्षात ठेवा, १९९२ पर्यंत गोलीला पायाने दिलेला चेंडू हाताने उचलता यायचा. आघाडी राखणाऱ्या संघाकडे ते मोठं हत्यार होतं आणि फॉरेस्टने ते पुरेपूर वापरलं.

या मोसमात वाट जास्त खडतर होती. बर्लिनच्या डायनामोने घरी येऊन ०-१ हरवलं. परतीच्या सामन्यात फॉरेस्टने ३-१ केलं, फ्रान्सिसचे दोन आणि रॉबर्टसनची पेनल्टी. त्या एका रात्री फ्रान्सिससाठी मोजलेली किंमत वसूल झाली असं माझं मत.

---

खडूफळा

सगळं क्लफपासून सुरू झालं असं वाटू नये म्हणून थोडं मागचं.

क्लब १८६५ चा. शिंटी (हॉकीसारखा खेळ) खेळणाऱ्या मुलांनी शेक्सपिअर स्ट्रीटवरच्या क्लिंटन आर्म्समध्ये ठरवलं आणि डझनभर लाल गोंडेवाल्या टोप्या घ्यायचा ठराव केला. तो लाल इटलीच्या क्रांतिकारक गॅरिबाल्डीचा. ‘फॉरेस्ट’ हे नाव ज्या मैदानावर ते खेळायचे त्या फॉरेस्ट रिक्रिएशन ग्राउंडवरून. बोधचिन्हातलं झाड आणि खालच्या लाटा (ट्रेंट नदी) १९७३ च्या, स्पर्धेतून निवडलेल्या.

१८८६ मध्ये आर्सेनलला पहिले लाल शर्ट फॉरेस्टने दिले. तिथे गेलेले जुने फॉरेस्टकर होते, त्यांनी मागवले.

सॅम वेलर विडोसन: १८७४ मध्ये नडगीसंरक्षक आणले. क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांच्या वरून, बाहेर, पट्ट्यांनी बांधले. बाहेर बांधल्यामुळे ते सरकायचे, म्हणून पुढे ते मोज्यांच्या आत गेले.

ग्रेनव्हिल मॉरिस: २१७ गोल, आजही क्लबचा विक्रम. १८९८ ते १९१३.

बॉब मॅककिन्ले: लीगचे ६१४ सामने.

१९५९ चा एफए कप: ल्यूटनविरुद्ध पहिल्या १५ मिनिटांत रॉय ड्वाइट आणि टॉमी विल्सन, २-०. मग ३३व्या मिनिटाला ड्वाइटचा पाय मोडला. बदली खेळाडूची सोयच नव्हती, तासभर दहा जणांनी वेम्ब्लीच्या मऊ, पाय ओढणाऱ्या गवतावर खेळायचं. २-१ ने धरून ठेवलं. कर्णधार जॅक बर्किट, व्यवस्थापक बिली वॉकर. माझ्या लेखी हा विजय माद्रिदच्या तोडीचा.

जुनी कागदपत्रं कमी का सापडतात? २४ ऑगस्ट १९६८, लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतराला मुख्य स्टँडला आग लागली. तीस हजारांवर प्रेक्षक होते, कुणालाही इजा झाली नाही. पण क्लबच्या नोंदी आणि स्मृतिचिन्हं जळाली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे तपशील तपासायचे तर तेव्हाची वर्तमानपत्रं हाच आधार.

---

पावसाळी_छत्री

सगळं छान चाललंय, पण गौरव करताना काही गोष्टी झाकल्या जाऊ नयेत असं वाटतं.

जस्टिन फॅशानू. १९८१ मध्ये नॉरिचकडून दहा लाख पौंडांत आणला. लीगचे ३२ सामने, ३ गोल. तो समलिंगी आहे हे क्लफला कळल्यावर त्याला जी वागणूक मिळाली ती वाईट होती. सरावाच्या मैदानावरून त्याला बाहेर काढायला पोलीस बोलावले गेले. १९९० मध्ये त्याने स्वतः जाहीर केलं, १९९८ मध्ये तो गेला. ज्या माणसाने बर्न्स आणि रॉबर्टसन यांच्यातलं न दिसणारं ओळखलं, त्याला हा तरुण समजून घ्यावासा वाटला नाही.

दुसरं, हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ च्या तिथल्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलसमोर फॉरेस्ट होतं. स्टँडमधल्या चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थक गेले. क्लफने नंतर समर्थकांना दोष दिला. २०१६ च्या चौकशीत समर्थकांचा काहीही दोष नव्हता हे ठरलं. फॉरेस्टच्या इतिहासात हेही लिहायला हवं.

---

तिरपी_किक

पूर्ण सहमत. धन्यवाद, हे लिहायलाच हवं होतं.

आणि संघ का उसवला, त्याचं उत्तरही त्याच वर्षांत आहे. १९८० नंतर क्लफ-टेलर स्वतःचीच पद्धत सोडून वागले. स्वस्तातला, दुसऱ्यांनी टाकलेला खेळाडू उचलायचा आणि योग्य जागी ठेवायचा, ही त्यांची रीत. तिच्या जागी साडेबारा लाखांचा इयान वॉलेस, दहा लाखांचा फॅशानू. बर्टल्स युनायटेडला साडेबारा लाखांना गेला. वुडकॉक आधीच कोलोनला. त्यातच नवा एक्झिक्युटिव्ह स्टँड, सुमारे २५ लाख पौंड खर्चाचा, १९८० ला उभा राहिला आणि कर्ज मानगुटीवर बसलं. १९८०-८१ च्या युरोपियन कपात पहिल्याच फेरीत सीएसकेए सोफियाने दोन्ही सामने १-० ने जिंकले.

१९८२ ला टेलर गेला. १९८३ मध्ये डर्बीचा व्यवस्थापक असताना त्याने क्लफला न सांगता रॉबर्टसनला नेलं, आणि दोघांचं बोलणं थांबलं ते कायमचं. ४ ऑक्टोबर १९९० ला टेलर मायोर्कात वारला.

---

नोंदवही

१९८४ विसरू नका. यूएफा कपची उपांत्य फेरी, अँडरलेख्ट. घरी २-०, स्टीव्ह हॉजचे दोन्ही. ब्रसेल्समध्ये ०-३. यजमानांना दिलेली पेनल्टी शंकास्पद, शेवटी पॉल हार्टचा हेडर नाकारला. १९९७ मध्ये उघड झालं की अँडरलेख्टच्या तत्कालीन अध्यक्षांनी पंचाला मोठी रक्कम दिली होती. तो सामना कुणी फॉरेस्टच्या पराभवांत मोजला की शेजारी ही नोंद लिहावी.

पुढच्या पिढीचेही नायक आहेत: स्टुअर्ट पिअर्स, डेस वॉकर, निजेल क्लफ, कॉब रॅम्बलर्सकडून ४७ हजार पौंडांत आलेला रॉय कीन. १९८९ आणि १९९० चे लीग कप या पिढीचे. आणि व्हिव्ह अँडरसन तर शहरातलाच मुलगा, २९ नोव्हेंबर १९७८ ला इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अशी त्याची नोंद आहे. यांच्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

---

शेवंता_बाग

एक व्यावहारिक प्रश्न. तिकडे नोकरी-शिक्षणासाठी असलेल्यांना एका दिवसात काय काय बघता येईल?

---

खडूफळा

लंडनच्या सेंट पँक्रसहून थेट गाडी, पावणेदोन तासांच्या आसपास. नॉटिंगहॅम स्थानकातून बाहेर पडल्यावर आधी उत्तरेला, ओल्ड मार्केट स्क्वेअरकडे. पायी दहा-पंधरा मिनिटं. तिथे जवळच क्लफचा कांस्यपुतळा, नऊ फुटी, नोव्हेंबर २००८ चा. दोन्ही हात डोक्याच्या वर जोडलेले, अंगात स्वेटशर्ट.

मग मागे फिरून स्थानक ओलांडा, लंडन रोडने दक्षिणेला. स्थानकापासून वीसेक मिनिटांत ट्रेंट ब्रिज. पूल ओलांडायच्या आधी डावीकडे मेडो लेन, नॉट्स काउंटीचं मैदान. पूल ओलांडल्यावर डावीकडे नदीकाठी सिटी ग्राउंड. टेलरच्या नावाचा स्टँड तिथेच आहे, २०१५ पासून. क्लफच्या नावाचा समोर. बोधचिन्हावरचे दोन तारे म्हणजे दोन युरोपियन कप.

आणि तिथून जवळच ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान. २००७ ला श्रीरामपूरच्या झहीर खानने इथेच सामन्यात ९ बळी घेतले, २०१८ ला अजिंक्य रहाणेने ८१ केल्या, दोन्ही कसोटी भारताने जिंकल्या. गंमत नाही, फॉरेस्टने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच क्रिकेट मैदानावर फुटबॉल खेळलंय.

सामन्याच्या दिवशी स्टेडियमची फेरी बंद असते हे धरून चला, म्हणून आधी क्लबच्या संकेतस्थळावर तारीख बघा. वेळ उरला तर डर्बी गाडीने अर्ध्या तासात. तिथल्या स्टेडियमबाहेर क्लफ आणि टेलर दोघांचा एकत्र पुतळा आहे, २०१० चा. नॉटिंगहॅमच्या चौकात क्लफ एकटाच उभा आहे.

---

तिरपी_किक

त्यामुळे डर्बीचं तिकीट आधीच काढा. टेलर तिथे आहे.